मुलांना नेमबाजी शिकवायची असेल, तर आधी स्वतः लेन घ्या

स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि त्यानंतर ओळखीच्या पालकांचे मला फोन येऊ लागले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या एका शिक्षकाचा मुलगा इथवर पोहोचतो, तर आपल्या मुलानेही एकदा प्रयत्न करून पाहावा, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घरातील चौघेही त्याआधीपासून एअर रायफलच्या रेंजवर जात असल्याने मला याविषयी बरेच कळते, असा या पालकांचा समज आहे. मुलाचे वय किती असावे, बंदूक कोणती घ्यावी, खर्च किती येतो आणि दहावीला सवलतीचे गुण मिळतात का, असे त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. मी त्यांना आधी एकच विचारते, की तुम्ही स्वतः नेम धरणार आहात का. बहुतेकांना हा प्रश्न थट्टेचा वाटतो.

मी तो गांभीर्याने विचारते, कारण या खेळाची रचनाच कुटुंबाला सोयीची आहे. क्रिकेटमध्ये वडील मुलाला चेंडू टाकू शकतात, पण त्याच्या तोडीचा खेळ दोघांनाही खेळता येत नाही. कोणाला तरी हात राखून खेळावे लागते. १० मीटर एअर रायफलमध्ये अकरा वर्षांची मुलगी, तिची आई आणि तिचे आजोबा शेजारशेजारच्या तीन लेनमध्ये (उभे राहून नेम धरण्याच्या पट्ट्यांत), तेवढ्याच अंतरावरच्या, तेवढ्याच आकाराच्या टार्गेटवर नेम धरू शकतात, आणि कोणालाही कोणासाठी काही सोपे करावे लागत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये पूर्वी पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४० शॉट असत; २०१८ पासून दोघांनाही ६० शॉट आहेत, आणि टोकियो ऑलिम्पिकपासून एक पुरुष व एक स्त्री अशा मिश्र जोडीची स्पर्धाही सुरू झाली आहे. वयाच्या बाबतीत स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांचे उदाहरण मला फार आवडते. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी मुलगा आल्फ्रेड याच्यासोबत एकाच संघातून सुवर्णपदक जिंकले, आणि १९२० मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी पुन्हा मुलासोबतच रौप्यपदक मिळवले. माझ्या सासऱ्यांना मी ही गोष्ट अनेकदा ऐकवली आहे. त्यांनी अजून रायफल हातात घेतलेली नाही, पण ‘घरात बंदूक कशाला हवी’ हे म्हणणे मात्र त्यांनी थांबवले आहे.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. काचेमागे बसलेल्या पालकाला या खेळातले फारसे काही दिसत नाही. मूल उभे असते, मधूनमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि पडद्यावर दहापैकी किती गुण पडले तो आकडा उमटतो. साहजिकच पालक आकडाच पाहू लागतो, आणि परतीच्या वाटेवर ‘शेवटचे दोन आठ कसे आले’ हा प्रश्न विचारला जातो. ज्याने स्वतः अर्धा तास रायफल खांद्याला लावली आहे, ज्याची कंबर भरून आली आहे आणि ज्याने आठाच्याही खालचे आकडे आपल्या कार्डावर, म्हणजे टार्गेटच्या कागदावर, पाहिले आहेत, तो पालक हा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो की आज पाय कुठे ठेवले होते. मुलेही मग मोकळेपणाने बोलतात, कारण आईचे कार्ड त्यांनी पाहिलेले असते आणि ते त्यांच्या कार्डापेक्षा फारसे चांगले नसते.

आपल्याकडच्या बहुतेक मुलांची बंदुकीशी पहिली भेट जत्रेत होते. फळ्यावर रंगीत फुगे लावलेले असतात, छर्‍याची बंदूक दोरीने टेबलाला बांधलेली असते, आणि दुकानदार ती भरून थेट मुलाच्या हातात देतो. मूल वळून विचारते, ‘बाबा, कुठला फोडू?’, आणि त्या क्षणी बंदुकीची नळी बाबांच्या पोटाकडे असते. जत्रेतील मजेला माझा विरोध नाही, परंतु रेंजवर येणाऱ्या मुलाच्या हाताला लागलेली पहिली सवय हीच असते, आणि ती मोडावी लागते. म्हणूनच आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी मुलांना एकही शॉट मारू दिला नाही, आणि मला ते अतिशय योग्य वाटले. त्या दिवशी मुलांनी रायफल उचलणे, ती टार्गेटच्याच दिशेला ठेवून टेबलावर परत ठेवणे आणि तिच्यापासून मागे सरकणे एवढेच केले, आणि तेही कंटाळा येईपर्यंत केले.

नियम मोजके आहेत, पण त्यांना अपवाद नाही. नळी नेहमी टार्गेटकडेच असली पाहिजे. रायफल रिकामी आहे हे शंभर टक्के माहीत असले, तरी ती भरलेली आहे असे समजूनच ती हाताळायची. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ ठेवायचे. शॉट मारायचा नसतो तेव्हा नळीत भडक रंगाची सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार घातलेली असावी, म्हणजे आत पेलेट (छर्रा) नाही हे लांबूनही कोणाला दिसते. ‘स्टॉप’ हा शब्द कानावर पडला, की नेम कितीही अचूक लागलेला असो, बोट बाहेर आणि रायफल खाली. कोणीही टार्गेटच्या बाजूला जात असेल, तर कोणाचाही हात बंदुकीला लागता कामा नये. हे नियम मुले मोठ्यांपेक्षा लवकर आत्मसात करतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या रेंजवर ‘काका, बोट!’ असे ओरडणारा आवाज जवळजवळ नेहमी एखाद्या लहान मुलाचाच असतो. काकांनी त्यावर रागावू नये, ही मात्र मोठ्यांची शिस्त आहे, आणि ती सर्वांनाच जमते असे नाही.

वयाविषयी माझे मत असे आहे, की साधारण दहा वर्षांच्या आधी घाई करू नये. कायद्यापेक्षाही मुलाची पाठ हे याचे कारण आहे. स्पर्धेच्या एअर रायफलचे कमाल वजन ५.५ किलो असते; लहान मुलांसाठीच्या रायफली त्यापेक्षा हलक्या असल्या, तरी उभ्याने नेम धरताना रायफलचा भार पेलण्यासाठी नेमबाज कमरेतून मागे आणि किंचित बाजूला झुकतो, डावी कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि तसाच उभा राहतो. वाढत्या वयाच्या मुलाने हे तासन्‌तास करणे बरे नाही. म्हणून सुरुवातीला रायफलचा पुढचा भाग स्टँडवर टेकवून, बसून किंवा उभ्याने, थोडाच वेळ सराव करावा. मोठ्या देशांतही याबाबत सावधगिरी आहे. जर्मनीमध्ये नेमबाजीचे क्लब ही गावोगावची जुनी परंपरा असली, तरी एअर रायफलसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा १२ वर्षांची आहे, आणि त्याहून लहान मुले प्रकाशकिरण सोडणाऱ्या बंदुकीवर शिकतात, जिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. आपल्याकडे दर आठवड्याला सरावाबरोबर पाठीचे आणि पोटाचे व्यायाम झालेच पाहिजेत असा आग्रह पालकांनी धरावा. एकाच बाजूला झुकून खेळण्याच्या या खेळात ते व्यायाम हाच अर्धा सराव आहे.

आता नेमाविषयी. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. पेलेट स्वतःच ४.५ मिलिमीटरचा असल्याने तो ठिपक्याला नुसता स्पर्शला तरी दहा गुण मिळतात, हे त्यातल्या त्यात समाधान. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे कितीतरी मोठे असते. पण पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून धरायचे असल्यामुळे तो प्रकार मुळीच सोपा नाही. अशा टार्गेटवर ताकदीचा किंवा चपळाईचा उपयोग नसतो. पाय, कंबर, खांदा आणि गाल दर वेळी त्याच जागी आले पाहिजेत. डोळे मिटून, रायफल खांद्याला लावून, मग डोळे उघडले तर नळी कुठे रोखलेली आहे ते पाहायचे. ती टार्गेटच्या डावीकडे असेल, तर हाताने उजवीकडे ओढायची नाही, तर मागचा पाय सरकवायचा. हे मुलांना एकदा समजले, की त्यांना त्यात कोड्यासारखी मजा वाटते. माझ्या मुलाने शारीरिक शिक्षणाच्या तासाला कधी दाखवला नसेल इतका रस आपल्या तळपायांत दाखवला.

त्यानंतर श्वास. दोन-तीन शांत श्वास, मग श्वास अर्धा सोडून थांबायचे, आणि पुढच्या सहा ते आठ सेकंदांत बोट हळूहळू मागे यायला हवे. तेवढ्या वेळात शॉट सुटला नाही, तर रायफल खाली घ्यायची आणि सगळे पहिल्यापासून सुरू करायचे. माझ्या दृष्टीने मुलांना नेमबाजीत नेण्याचे सर्वांत मोठे कारण हे रायफल खाली घेणे आहे. सेकंद सरत जातात तसे डोळ्यांपुढचे चित्र अंधुक होऊ लागते, हात थरथरू लागतो, आणि नेमका तेव्हाच ‘आता मारून टाकू’ असा मोह होतो. त्या मोहाने मारलेला शॉट हमखास बाहेर जातो. आमच्या प्रशिक्षकांची एक पद्धत मला फार आवडली: काही दिवस ते मुलांच्या वहीत गुण लिहीतच नसत, तर किती वेळा रायफल खाली घेतली ते लिहीत असत, आणि जिने ती अधिक वेळा खाली घेतली तिचे कौतुक करत असत. मुलीला हे लगेच पटले. मला मात्र अजूनही जड जाते. चाळिशी उलटलेल्या माणसाला घेतलेला निर्णय मागे घेण्याची सवय राहत नाही, हे मला रेंजवरच कळले.

गुणांपेक्षा आधी ग्रुप, म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ लागले ते, पाहावे, हेही पालकांनी शिकून घेण्यासारखे आहे. पाच पेलेट टार्गेटच्या एकाच कोपऱ्यात, एकमेकांना खेटून लागले असतील, तर गुण कमी दिसले तरी मूल उत्तम नेम धरत आहे; फक्त साइट (रायफलवरची नेम धरण्याची खूण) फिरवायची बाकी आहे. उलट एक दहा, एक सहा, एक नऊ आणि एक पाच असे विखुरलेले कार्ड असेल, तर तो दहा योगायोगाचा आहे. घरी आणलेल्या कागदी कार्डावर आम्ही जेवणानंतर हीच चर्चा करतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट सोयीचे असले, तरी शिकण्याच्या काळात कागद बरा, कारण तो घरी आणता येतो आणि आजीलाही दाखवता येतो.

एक बाब मला बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित दिसते. एअर रायफलचे पेलेट साधारणपणे शिशाचे असतात. ते बोटांनी उचलून नळीत घालायचे असतात, आणि लहान मुले तीच बोटे तोंडात घालतात, त्याच हातांनी डब्यातला पराठा खातात. शिसे लहान मुलांच्या शरीराला मोठ्यांपेक्षा अधिक अपायकारक असते. म्हणून लेनमध्ये खाणे-पिणे पूर्ण बंद ठेवावे, पेलेट दातात धरण्याची काही मोठ्या खेळाडूंची ऐट मुलांपुढे कोणी करू नये, आणि सराव संपताच साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. ज्या रेंजवर हात धुण्याची जागा नाही, तिथे मी मुलांना नेणार नाही, मग तिथले प्रशिक्षक कितीही नावाजलेले असोत.

घरी सराव करता येतो का, असे सदनिकेत राहणारे सगळेच विचारतात. पेलेट मारण्याचा सराव घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गच्चीवर तर नाहीच. परंतु पांढऱ्या भिंतीवर एक छोटा काळा ठिपका चिकटवून त्यावर नुसता नेम धरून उभे राहण्याचा सराव दररोज पंधरा-वीस मिनिटे होऊ शकतो, आणि त्याचा उपयोग प्रत्यक्ष शॉटपेक्षा कमी नसतो. यातही एक तांत्रिक खबरदारी आहे. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरायच्या स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर पेलेटशिवाय ओढू नये, कारण आतला दट्ट्या हवेची उशी न मिळाल्याने जोरात आदळतो आणि रायफल खराब होते. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलींमध्ये कोरड्या सरावाची वेगळी सोय असते. स्प्रिंगच्या रायफलीची नळी मोडणे लहान मुलांच्या ताकदीबाहेरचे असते, आणि ती अर्धवट उघडलेली असताना हातातून सुटली तर बोटे चिरडू शकतात. तेव्हा ते काम मोठ्यांनीच करावे आणि पेलेट आत जाईपर्यंत नळीवरचा हात सोडू नये.

कायद्याविषयी दोन वाक्ये पुरेत. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, तरीही ती खरेदीच्या पावतीसह बंद पेटीतून न्यावी आणि घरी कुलपात ठेवावी, पेलेट दुसऱ्या कपाटात. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही. आमच्या लहानपणी गावाकडे छर्‍याच्या बंदुकीने साळुंक्या आणि होले मारणारे काका असत आणि त्यांचे कौतुकही होई. आज ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरते, आणि तसे नसते तरी आमच्या घरात सजीवावर नेम धरायला परवानगी नसती. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीचा प्रश्न मात्र आमच्याकडे खराच उभा राहिला. माणसावर बंदूक रोखायची नाही, हा नियम मुलीने चुलत भावंडांनाही लागू केला, आणि त्यावरून अंगणात बरेच भांडण झाले. मी तिची बाजू घेतली. खंडेनवमीला रायफल पाटावर ठेवून तिची पूजा होते तेव्हाही तिच्यात सेफ्टी फ्लॅगची दोरी असते. सासूबाई त्या दोरीलाही हळदकुंकू लावतात.

खर्चाबद्दल सांगायचे, तर परदेशी बनावटीची चांगली स्पर्धेची रायफल दोन ते तीन लाखांच्या घरात जाते, त्यावर जाड कॅनव्हासचे जॅकेट, पँट आणि सपाट तळव्याचे बूट. हा आकडा ऐकून पालक एक तर परत जातात किंवा पहिल्याच महिन्यात सगळे विकत घेतात, आणि दोन्ही चुकीचे आहे. क्लबच्या रायफलवर, साध्या कपड्यांत, ओपन साइटवर (उघड्या खाचेतून नेम धरून) एक वर्ष सहज शिकता येते. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत ओपन साइट, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याची) आणि एअर पिस्तूल असे प्रकार असतात, त्यामुळे महागड्या साहित्याशिवायही मुलाला स्पर्धेचा अनुभव घेता येतो. जॅकेट मुलांच्या वाढीबरोबर लहान होते, म्हणून ते मोठ्या मुलांकडून वापरलेलेच घ्यावे; रेंजवरच्या आया-वडिलांचे व्हॉट्सअ‍ॅप गट या कामी फार उपयोगी पडतात, एरवी ते गट न वाचलेलेच बरे.

महाराष्ट्रात या खेळाची वाट आधीच रुळलेली आहे, हे मुलांना सांगायला मला आवडते. एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्याच शहरातल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिम्पिकपटू आज पुढच्या पिढीला घडवत आहेत. स्वप्नीलच्या पदकामागे दीपालीताईंचे प्रशिक्षण आहे. पण ही नावे सांगताना मी ‘तूही असेच हो’ हे जोडत नाही. सवलतीच्या गुणांसाठी आणलेली मुले मी पाहिली आहेत. पात्रता हुकली, की त्यांचे जॅकेट दुसऱ्या दिवशी विक्रीला निघते.

आमच्या घरात सध्या परिस्थिती अशी आहे: मुलाला पिस्तुलाची ओढ लागली आहे, मुलगी ओपन साइट सोडून पीप साइटकडे जाण्याच्या तयारीत आहे आणि तिच्यासाठी डाव्या हाताने नेम धरणाऱ्याचे वापरलेले जॅकेट आम्ही शोधत आहोत, जे मिळणे कठीण आहे. तिचा उजवा हात चालतो, पण डावा डोळा प्रबळ आहे. दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून दूरची वस्तू पाहण्याच्या साध्या चाचणीत हे सुरुवातीलाच कळले, म्हणून ती पहिल्यापासून डाव्या खांद्यावरच शिकली. यजमानांनी शॉट मारणे जवळजवळ सोडले आहे, पण पेलेटचे डबे, हवेचा सिलिंडर भरून आणणे आणि हात धुण्याचा साबण हे खाते त्यांनी स्वतःहून सांभाळले आहे. मी रविवारची सकाळची लेन सोडलेली नाही. मागच्या आठवड्यात मुलीने माझे कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘आई, तुझा ग्रुप उजवीकडे जातोय, मागचा पाय बघ.’

मी पाय सरकवला.